सॅनिटरी डिस्ट्रिक्ट

सॅनिटरी डिस्ट्रिक्ट : मुख्यतः सांडपाणी गोळा करणे, त्यावर प्रक्रिया करणे व त्याची विल्हेवाट लावणे या कामासाठी अमेरिकेत राज्याच्या कायद्याने स्थापन होणारी स्वतंत्र स्थानिक संस्था. काही ठिकाणी कचरा उचलण्याचे कामही तिच्याकडे असते. तिची हद्द शहराच्या हद्दीशी जुळतेच असे नाही. अनेकदा जमिनीचा उतार पाहून ती आखलेली असते, त्यामुळे एकाच संस्थेत अनेक गावे येऊ शकतात. कॅलिफोर्नियात यासाठी १९२३ चा कायदा आहे. कारभार बहुधा निवडून आलेले मंडळ पाहते. खर्च मलनिस्सारण शुल्क, मालमत्ता कर व कर्जरोखे यांतून भागतो. गटाराचा पैसा गटारावरच खर्च होतो, हा या व्यवस्थेचा मोठा गुण. मात्र मंडळाच्या निवडणुकीकडे फारसे कोणाचे लक्ष नसते.

शिकागोची संस्था सर्वांत प्रसिद्ध. हे शहर मिशिगन सरोवराचे पाणी पिई आणि शहराची घाण वाहून नेणारी नदीही त्याच सरोवराला मिळे. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या डिस्ट्रिक्टने सुमारे ४५ किमी. लांबीचा कालवा खणून १९०० मध्ये नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. शिकागोचे पिण्याचे पाणी सुधारले, पण मैला मिसिसिपी नदीच्या दिशेने निघाला. खालच्या अंगाच्या मिझुरी राज्याने दावा लावला. १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी तो फेटाळला. तोवर शुद्धीकरण नव्हतेच, मैला भरपूर पाण्यात पातळ करून सोडणे एवढाच उपाय होता. ही संस्था आज वेगळ्या नावाने काम करते आणि तिचे स्टिकनी येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्र जगातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे.

प्रक्रिया केंद्र लोकांना दाखवले जाते. खरी कसोटी मात्र जमिनीखालच्या नळांची असते. मलवाहिनी शक्यतो उतारावर टाकतात आणि वेग सेकंदाला सुमारे ०.६ मी. तरी राहील असे पाहतात, नाहीतर गाळ तळाशी बसतो. उतार नसेल तिथे पंपिंग स्टेशन लागते. जुन्या मातीच्या नळांच्या सांध्यांतून झाडांची मुळे आत शिरतात, उपाहारगृहांचे तूपतेल थिजून नळाच्या कडेला थर धरते, आणि वेष्टनावर ‘फ्लश करता येतात’ असे छापलेले ओले रुमाल (वेट वाइप्स) पंपाच्या पात्यांभोवती दोरखंडासारखे गुंडाळले जातात. म्हणून कर्मचारी उच्च दाबाच्या पाण्याने नळ धुतात आणि चाकांवरचा कॅमेरा आत सोडून भेगा शोधतात. मॅनहोलमध्ये उतरण्याआधी हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचे व ऑक्सिजनचे प्रमाण मोजतात, कारण त्या विषारी वायूचा वास जास्त प्रमाणात नाकाला कळेनासा होतो. भेगांतून पावसाचे पाणी शिरले की नळ तुंबतो आणि कच्चा मैला मॅनहोलवाटे रस्त्यावर येतो. घरापासून मुख्य वाहिनीपर्यंतचा नळ अनेक ठिकाणी घरमालकाचा असतो. तिथली गळती शोधणे त्यामुळे जिकिरीचे होते.

केंद्रात आधी जाळ्या व वाळूचे हौद, मग निवळण टाक्या असतात. पुढच्या टाकीत हवा सोडून जीवाणूंकरवी विरघळलेले सेंद्रिय द्रव्य खाऊन घेतात. शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरणांनी निर्जंतुकीकरण होते. क्लोरीन वापरल्यास मासे जगावेत म्हणून पाणी सोडण्यापूर्वी तो काढून टाकतात. गाळ बंद टाक्यांत कुजवतात. त्यातून निघणाऱ्या मिथेनवर अनेक केंद्रे वीज निर्माण करतात.

१९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यामुळे नदीत पाणी सोडायला परवाना लागतो. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) व पाण्यात न विरघळता राहिलेले निलंबित घन पदार्थ यांची तीस दिवसांची सरासरी सामान्यतः प्रत्येकी लिटरला ३० मिग्रॅ.पेक्षा जास्त चालत नाही. नमुन्यांचे अहवाल संस्थेने स्वतःच नियमित सादर करायचे असतात. जड धातू जीवाणूंना मारतात व गाळातही उतरतात, म्हणून कारखान्यांना आपले पाणी आधी स्वतः शुद्ध करावे लागते. २०२० पासून अनेक केंद्रांतील सांडपाण्यात कोरोना विषाणूचे अंश तपासले जाऊ लागले. चाचणी न केलेल्या रुग्णांचाही माग त्यातून लागतो.