भाजीपाल्याची रोपे घरात तयार करणे

टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी अशा भाज्यांचे बी थेट वाफ्यात न टाकता घरात लहान कप्प्यांत पेरून, पुनर्लागवडीच्या वयाचे होईपर्यंत रोप सांभाळण्याची ही पद्धत आहे. बाहेर थंडी किंवा मुसळधार पाऊस असतानाही त्यामुळे हंगाम लवकर धरता येतो. गाजर-मुळ्याला ती लागू नाही, कारण सोटमूळ दुखावले की त्याला फाटे फुटतात.

बागेतली माती कप्प्यात घट्ट बसते आणि सोबत बुरशीही आणते, म्हणून ती टाळतात. भिजवून फुगवलेले कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) दोन भाग आणि चाळलेले गांडूळखत एक भाग एवढे मिश्रण पुरते. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब गळावा. धार लागली तर पाणी जास्त झाले. प्रो-ट्रे (रोपांसाठीचा कप्प्यांचा प्लास्टिक ट्रे) असो की कागदी पेला, तळाला भोक हवेच.

बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरतात. टोमॅटो, मिरची, वांग्यासाठी अर्धा ते एक सेंमी ठीक. लेट्यूसचे बी उजेडात चांगले रुजते, त्यामुळे ते वरच हलके दाबतात. कप्प्यात दोन बिया टाकून पुढे दुबळे रोप कात्रीने कापावे. उपटले तर शेजारच्याची मुळेही हलतात. कप्प्यातले मिश्रण २५ ते ३० अंश सेल्सिअस असेल तर टोमॅटो साधारण आठवड्याभरात उगवतो, मिरचीला दोन आठवडेही लागतात. गारठ्यात ती तीन आठवडे दाद देत नाही आणि नवखे लोक बी खराब समजून ट्रे रिकामा करतात.

उगवेपर्यंत झाकण चालते, पण पहिले अंकुर दिसताच ते काढून ट्रे उजेडात न्यावा. घरात रोपे फसतात ती बहुधा इथेच. खिडकीतला उजेड डोळ्यांना भरपूर वाटला तरी रोपाला अपुरा असतो आणि एकाच बाजूने येतो. मग खोड दोनतीन दिवसांतच लांब, फिकट होऊन काचेकडे झुकते. अशा रोपाला खत देणे व्यर्थ. ते आणखीच लांबते. साधी पांढरी एलईडी नळी शेंड्यांपासून ५ ते १० सेंमीवर टांगून रोज १४ ते १६ तास लावावी आणि रोपे वाढतील तशी वर सरकवावी. रात्रीचा अंधार मात्र राहू द्यावा.

दुसरे संकट म्हणजे रोपे कोलमडणे. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखे रोगकारक मातीलगतचे खोड कुजवतात. ते दोऱ्यासारखे बारीक होते आणि रोप आडवे पडते. पडलेले रोप वाचत नाही. सततचा ओलावा, दाट पेरणी, कोंदट हवा ही कारणे. म्हणून ट्रे पाण्याच्या ताटात २०-३० मिनिटे ठेवून खालून पाणी द्यावे, उरलेले ओतून टाकावे आणि पृष्ठभाग सुकल्यावरच पुन्हा द्यावे. मंद पंखाही उपयोगी, खोडही जाड होते. कोकोपीटवर येणारी पांढरी बुरशी बहुतेकदा निरुपद्रवी असते. पण पाणी जास्त होत असल्याचा तो इशारा आहे.

पहिली दोन पाने ही बीजपत्रे. खरी पाने त्यानंतर येतात. ती आली की द्रवखत शिफारशीच्या पाव ते अर्ध्या मात्रेत आठवड्यातून एकदा द्यावे. रोप मोठ्या कुंडीत हलवताना पानाला धरावे, कारण चिरडलेल्या खोडाला पर्याय नसतो. टोमॅटो बीजपत्रांपर्यंत पुरला तर खोडालाही मुळे फुटतात.

टोमॅटो चार ते सहा, मिरची सहा ते आठ आठवड्यांत लागवडीला येते. काकडीवर्गीय रोपे मात्र तीन-चार आठवड्यांतच, मातीचा गोळा न फोडता लावावी लागतात. लागवडीआधी ७ ते १० दिवस रोपे कणखर करतात: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडे जास्त ऊन आणि वारा. हे टाळले तर पाने पांढरी पडून करपतात. लागवड संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी, ट्रे आधी नीट भिजवून करावी.