ब्रिस्टल बे: आधी नदीचा वाटा, मग जाळ्याचा

जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अलास्कातल्या ब्रिस्टल बेच्या पाणलोटातल्या पेबल या तांब्या-सोन्याच्या नियोजित खाणीचा रस्ता अडवला. स्वच्छ पाणी कायद्यातला हा अधिकार पन्नास वर्षांत जेमतेम चौदाव्यांदा वापरला गेला. बातमी खाणीची म्हणून छापून आली, पण तिची मुळं जवळपास दीडशे वर्षं मागे जातात. खाणीच्या विरोधात मच्छीमार आणि बंदूक बाळगणारे शिकारी आघाडीवर का होते, याचं उत्तरही तिथेच सापडतं. आपण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाढलो. शिकारी माणूस जंगलाची बाजू घेतो हे आपल्याला पटकन पचत नाही. अलास्कात मात्र धरणारा हात आणि राखणारा हात बहुतेक वेळा एकाच माणसाचा असतो. तो तसा आपोआप झाला नाही. आधी भरपूर नासधूस झाली.

ब्रिस्टल बे म्हणजे बेरिंग समुद्राचा पूर्वेकडे आत घुसलेला भाग. नुशागाक, क्विचाक, नॅकनेक, एगेगिक, उगाशिक, टोगियाक अशा नद्या इथे येऊन मिळतात. त्यांच्या मागे मोठमोठी तळी आहेत, आणि सॉकआय जातीच्या सॅमनचं सगळं गणित या तळ्यांवर चालतं. अंडी नदीच्या किंवा तळ्याच्या काठच्या खडीत घातली जातात. पिल्लं एक-दोन वर्षं तळ्यात वाढतात, मग समुद्रात उतरतात. दोन-तीन वर्षांनी तीच मासोळी लाल होऊन आपल्या जन्माच्या ओढ्यात परत येते, वीण करते आणि मरते. वाट शोधण्यात तिची मोठी भिस्त पाण्याच्या वासावर असते. जगातल्या सॉकआयपैकी साधारण निम्मे याच पाणलोटातले. युपिक, डेनाइना आणि अलुटीक हे इथले मूलनिवासी हजारो वर्षं यावरच जगत आले. मासे चिरून, वाळवून, धुरी देऊन हिवाळ्याची बेगमी करत आले. सोबत मूस आणि कॅरिबू या मोठ्या हरणांचं मांस.

अमेरिकेने रशियाकडून अलास्का 1867 मध्ये 72 लाख डॉलरला घेतलं. अकराच वर्षांत, 1878 मध्ये, तिथे सॅमन डब्यात भरण्याचे पहिले कारखाने उभे राहिले, आणि 1884 मध्ये नुशागाकच्या काठावर ब्रिस्टल बेमधला पहिला. मालक सॅन फ्रान्सिस्को आणि सिॲटलचे. वसंतात शिडाच्या जहाजांतून मजूर, पत्रा आणि कोळसा यायचा. शरदात डबे भरून जहाजं परत जायची. पैसाही त्यांच्याबरोबर जायचा. अलास्काला स्वतःचं राज्य नव्हतं, त्यामुळे नियम वॉशिंग्टनमध्ये बनत आणि राखणीला माणसं नावापुरती. आग्नेय अलास्कात कंपन्यांनी किनाऱ्यालगत मोठमोठे सापळे लावले. लाकडी खांब आणि जाळीच्या भिंती सॅमनच्या वाटेत आडव्या घालायच्या, की मासे आपणहून आत शिरतात. एका सापळ्यात इतके मासे येत की होडीवाल्या मच्छीमाराला काही उरत नसे. ब्रिस्टल बेमध्ये वेगळाच प्रकार होता: तिथे 1951 पर्यंत इंजिनाच्या होड्यांनी मासेमारी करायला बंदी होती. जग डिझेलवर गेलं तरी इथला मच्छीमार कारखान्याच्या मालकीच्या शिडाच्या होडीतच बसलेला.

मासे कमी होऊ लागले तेव्हा दोष कोणाला दिला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत बोलकं प्रकरण वाटतं. दोष गरुडाला दिला. 1917 ते 1953 या काळात अलास्कात पांढऱ्या डोक्याचा गरुड मारला की सरकारी इनाम मिळे. एक लाखाहून जास्त गरुड असे मारले गेले. अमेरिकेचा मानचिन्हावरचा पक्षी तो. मग पाळी आली डॉली व्हार्डन नावाच्या माशाची, कारण तो सॅमनची अंडी आणि पिल्लं खातो. त्याच्या शेपटीमागे दोन-अडीच सेंट मिळत. लोक शेपट्या तारेत ओवून वाळवत, आणि ही माळ दुकानात पैशांसारखी चाले. अधिकाऱ्यांनी पुढे या शेपट्या तपासल्या तेव्हा त्यांतल्या बऱ्याच रेनबो ट्राउटच्या आणि खुद्द सॅमनच्याच निघाल्या. सॅमन वाचवण्यासाठी सरकार सॅमन मारण्याचे पैसे देत होतं. इनाम बंद झालं, पण कारखान्यांच्या जाळ्याकडे बोट दाखवायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

1924च्या व्हाइट कायद्याने निदान तत्त्व मांडलं: जिथे मोजणी होऊ शकते तिथे निम्मे मासे विणीसाठी वर जाऊ द्यावेत. तत्त्व चांगलं होतं, पण मोजायला माणसं नव्हती. 1953 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना अलास्कातली मासेमारीची गावं आपत्तीग्रस्त जाहीर करावी लागली. म्हणूनच अलास्काच्या राज्यत्वाच्या चळवळीत मासा हा कळीचा मुद्दा झाला. 1956 मध्ये लोकांनी राज्यघटना मंजूर केली, आणि त्याच मतपत्रिकेवर सापळेबंदीही प्रचंड बहुमताने मंजूर केली. घटनेच्या आठव्या कलमात दोन गोष्टी लिहिल्या गेल्या. नैसर्गिक स्थितीतले मासे, वन्यजीव आणि पाणी सर्व लोकांच्या सामाईक वापरासाठी आहेत. आणि जे पुन्हा भरून येतं ते भरून येत राहील इतपतच घ्यायचं. 3 जानेवारी 1959 रोजी अलास्का राज्य झालं. त्या वर्षी राज्यभरात मिळून जेमतेम अडीच कोटी सॅमन सापडले, 1900 सालानंतरचा नीचांक. 2013 मध्ये हाच आकडा 27 कोटींच्या वर गेला.

मधल्या काळात काय बदललं ते पाहायचं तर नदीकाठच्या मनोऱ्यावर चढावं लागेल. वुड नदीसारख्या स्वच्छ पाण्याच्या नद्यांवर 1950च्या दशकात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली, आणि ती आजही चालते. काठावर नळ्यांचा किंवा लाकडाचा साधा मचाण. वर एक माणूस, डोळ्यांवर पाण्याची चकाकी मारणारा चष्मा, हातात टकटक करणारा गणक. सॅमन प्रवाहाच्या जोरापासून वाचण्यासाठी काठाला धरून वर जातात, त्यामुळे ते इथून दिसतात. दर तासाला एका काठावर दहा मिनिटं, मग दुसऱ्या काठावर दहा मिनिटं, असं अहोरात्र मोजायचं आणि आकड्याला सहाने गुणायचं. जूनमध्ये तिथे रात्र अशी फारशी नसतेच.

हा आकडा जीवशास्त्रज्ञाच्या टेबलावर जातो. प्रत्येक नदीसाठी किती मासे वर गेले पाहिजेत याचं लक्ष्य ठरलेलं असतं. तेवढे चढतायत असं दिसेपर्यंत जाळी पाण्याबाहेर. दिसलं की रेडिओवर घोषणा होते: अमुक भाग, अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत खुला. तोवर शेकडो होड्या हद्दीच्या रेषेवर नाकं लावून उभ्या असतात, आणि रेषा ओलांडली की दंड. होडी 32 फुटांहून लांब नको, हा जुना नियम अजून आहे. सगळा हंगाम जून-जुलैच्या मोजक्या आठवड्यांचा, ऐन भर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. अशा वेळी सरकारी माणसाने रेडिओवर ‘आज बंद’ म्हटलं आणि होडीचं कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाने ते ऐकलं, यामागे फार मोठा विश्वास लागतो. तो आकड्यांनी कमावलेला आहे. 2022 मध्ये ब्रिस्टल बेत 7 कोटी 90 लाख सॉकआय आले. सुमारे 6 कोटी जाळ्यात गेले, उरलेले नद्यांत. नोंदी सुरू झाल्यापासूनचा हा विक्रम होता, आणि तो जवळपास 140 वर्षं व्यापारी मासेमारी सोसलेल्या पाण्यात झाला.

वाट सरळ नव्हती. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला कडाक्याचे हिवाळे पडले, खोल समुद्रात परदेशी ताफे होते, आणि 1973 मध्ये ब्रिस्टल बेची पकड दहा लाखांच्याही खाली घसरली. त्याच वर्षी होड्यांच्या परवान्यांवर मर्यादा घालणारा कायदा आला. 1976 मध्ये किनाऱ्यापासून दोनशे मैलांची हद्द ठरली आणि परदेशी जहाजं मागे हटली. मासे सावरले. पण परवाने विकता येत होते, आणि अडचणीत आलेल्या गावकऱ्याने विकलेला परवाना बाहेरच्या राज्यात गेला की तो सहसा परत येत नाही. व्यवस्था नदीला न्याय देते, पण नदीकाठच्या माणसाला तितका देत नाही, ही तक्रार तिथे आजही आहे, आणि ती मला रास्त वाटते.

शिकारीचा इतिहास याच वळणाने गेला. कातड्याच्या व्यापारात समुद्री पाणमांजर संपत आलं, तेव्हा 1911 मध्ये चार देशांनी करार केला. कस्तुरी बैल अलास्कातून नामशेष झाला होता. 1930 मध्ये ग्रीनलंडहून 34 जनावरं आणून तो पुन्हा वाढवावा लागला. 1925 पासून शिकारीला नियामक मंडळ आलं. आणि 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने एक असा दुवा बांधला जो फार टिकाऊ ठरला: बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांना. 1950 मध्ये गळ-दोऱ्यांसाठीही तसाच कायदा झाला. त्यामुळे शिकारी फक्त घेणारा राहिला नाही, भरणारा झाला, आणि अधिवासावर घाला आला की बोलायचा हक्क आपला आहे असं त्याला वाटू लागलं. अलास्काचे नियमही कडक आहेत. विमानातून जनावर हेरून त्याच दिवशी ते मारणं बहुतेक मोठ्या शिकारीत गुन्हा आहे. मूस मारला तर खाण्यालायक सगळं मांस बाहेर आणावं लागतं. मोठ्या नराचं ते सव्वादोनशे किलोच्या घरात जातं. आधी मांस, मग शिंगं. शिंगं घेऊन मांस कुजायला टाकणाऱ्याला तिथे कायदाही माफ करत नाही आणि शेजारीही नाही.

सर्वांत चिघळलेला प्रश्न मात्र पहिला हक्क कोणाचा हा. जमिनीच्या दाव्यांवरच्या 1971च्या तडजोड कायद्याने मूलनिवासींना 4 कोटी 40 लाख एकर जमीन आणि 96 कोटी 25 लाख डॉलर दिले, पण त्यांचे शिकार-मासेमारीचे पूर्वापार हक्क रद्द केले. 2 डिसेंबर 1980 रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने 10 कोटी एकरांहून जास्त भूमी राष्ट्रीय उद्यानं आणि वन्यजीव आश्रयस्थानांत आली. त्या कायद्यात केंद्राच्या जमिनीवर ग्रामीण रहिवाशांच्या पोटापुरत्या शिकारीला आणि मासेमारीला अग्रक्रम दिला गेला. 1989 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा अग्रक्रम राज्यघटनेत बसत नाही, कारण मासे आणि वन्यजीव सर्वांचे. तेव्हापासून एकाच नदीवर केंद्राचे आणि राज्याचे नियम शेजारी शेजारी चालतात. आह्तना जमातीच्या केटी जॉन यांनी बाट्झुलनेटास या आपल्या जुन्या गावाजवळ मासे धरता यावेत म्हणून दीर्घ न्यायालयीन लढा दिला. 2001 मध्ये गव्हर्नर टोनी नोल्स स्वतः त्यांना भेटले, आणि राज्याने पुढचं अपील सोडून दिलं.

पेबलचं धातूसाठ्याचं ठिकाण 1980च्या दशकाच्या अखेरीस सापडलं, नेमकं नुशागाक आणि क्विचाक यांच्या उगमाजवळ. या पाणलोटाचा धोका तिथल्या एका माणसाने आधीच ओळखला होता. जे हॅमंड हे वैमानिक, मच्छीमार आणि पुढे गव्हर्नर. त्यांच्या पुढाकाराने 1972 मध्ये ब्रिस्टल बे मत्स्यराखीव क्षेत्र झालं, ज्यात तेल-वायूसाठी विधिमंडळाची परवानगी सक्तीची होती. खाणींचा उल्लेख त्यात नव्हता. ती फट बुजवण्यासाठी 2014 मध्ये जनमत घ्यावं लागलं, आणि मतदारांनी मोठ्या फरकाने कौल दिला.

खाणीची भीती हवेतली नव्हती. पाण्यात तांब्याचा अंश थोडा जरी वाढला तरी सॅमनची वास घेण्याची शक्ती मंदावते. शिवाय खाणीचा चोथा मातीच्या बांधामागे कायमचा सांभाळायचा असतो, आणि ऑगस्ट 2014 मध्ये शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात माउंट पॉलीचा असाच बांध फुटला. 2010 मध्ये सहा जमातींनी केंद्राकडे अर्ज केला होता. त्यांच्यामागे व्यापारी मच्छीमार आले, शिकारी आणि गळवाले आले, लॉज चालवणारे आले. अँग्लो अमेरिकन आणि रिओ टिंटो या मोठ्या कंपन्या 2013-14 मध्ये बाहेर पडल्या. 2020 मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचे शिकारी पुत्र खाणीविरुद्ध बोलले. त्या नोव्हेंबरात लष्कराच्या अभियंता विभागाने परवाना नाकारला. पेड्रो बे गावाच्या मूलनिवासी मंडळाने तर 44,000 एकरांहून जास्त जमिनीवर कायमचे संरक्षण-करार केले, आणि खाणीकडे जाणारा एक रस्ताच बंद झाला. मोबदला सुमारे दोन कोटी डॉलर. छोट्या गावाने केलेलं हे काम मला केंद्राच्या आदेशाहून भक्कम वाटतं, कारण सरकार बदलल्याने ते पुसलं जात नाही.

पर्यावरण संस्थेच्या 2023च्या आदेशाची मर्यादा हीच आहे. तो पेबलच्या साठ्यापुरता आहे. पाणलोटात इतरत्रही खाणींचे दावे नोंदलेले आहेत. 2024 मध्ये खाणकंपनी आणि अलास्का राज्य, दोघेही न्यायालयात गेले. दुसरीकडे युकॉन नदीवर किंग जातीचे सॅमन इतके आटले की एप्रिल 2024 मध्ये अलास्का आणि कॅनडाने सात वर्षं त्यांची मासेमारी थांबवण्याचं ठरवलं. तिथे कारखान्यांचा सापळा नाही. समुद्र तापतोय, नदी तापतेय, आणि खोल समुद्रातल्या ट्रॉलर जाळ्यांवरचा वाद सुरू आहे. ब्रिस्टल बेमधून युकॉनच्या गावांना मासे पाठवले जाऊ लागले तेही याच काळात. अमेरिकी संसदेत ब्रिस्टल बेच्या संपूर्ण पाणलोटासाठी कायमस्वरूपी कायदा व्हावा ही जमातींची आणि मच्छीमारांची मागणी त्यामुळेच अजून उभी आहे.