रायफल जुनी, म्हणून महाग?

‘विलायती रायफल जितकी जुनी, तितकी महाग’ हा साताऱ्याकडचा पिढ्यानपिढ्यांचा समज चुकीचा आहे. १९८०च्या दशकात सर्वसामान्यांसाठी आयात बंद झाल्याने विलायती हत्यारांचे भाव चढले, हे खरे. परंतु वाजवी किंमत आधी नळी पाहून ठरवावी, कारण पाटण-महाबळेश्वरच्या दमट हवेत तेलाविना राहिलेल्या नळीला आतून गंज चढतो, आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या नागमोडी खाचा) खराब होतात आणि नेम बिघडतो, मग लाकडी दस्ता कितीही देखणा असो. काडतुसे मिळत नसतील, तर भाव आणखी उतरवणेच प्रामाणिकपणाचे. परवाना रायफलीबरोबर जात नाही, म्हणून त्याचे पैसे किमतीत धरू नयेत. खरेदीदाराकडे स्वतःचा परवाना हवा, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा नजीकच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस उलटल्याखेरीज रायफल त्याच्या हाती देता येत नाही.