प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतो तेव्हा

गेल्या जूनमधल्या एका संध्याकाळी आमच्याकडे अर्धा तास वीज गेली. ती परत आल्यावर दिवे लागले, राउटर सुरू झाला, मोबाइलवर इंटरनेटही आले. पण दुपारपर्यंत विनातक्रार चालणारा वायरलेस प्रिंटर लॅपटॉपच्या पडद्यावर ‘ऑफलाइन’ दिसू लागला. प्रिंटरवरचा वाय-फायचा निळा दिवा मात्र स्थिर होता. दोन पानी अर्ज तातडीने हवा असल्यामुळे घरातल्या प्रत्येकाने येऊन एकेकदा प्रिंटचे बटण दाबून पाहिले. चार वेळा आज्ञा जाऊनही कागद जागचा हलला नाही.

अशा वेळी ड्रायव्हर काढून पुन्हा बसवणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत शेवटी करण्याचा आहे. ड्रायव्हरचे काम आपला मजकूर प्रिंटरला कळेल अशा भाषेत उतरवण्याचे असते, आणि वीज गेल्याने ही भाषा तो विसरत नाही. पुन्हा बसवल्यावर छपाई सुरू होते तेव्हाही गुण बहुधा ड्रायव्हरचा नसतो. बसवण्याच्या ओघात संगणक प्रिंटरचा नव्याने शोध घेतो, आणि तेवढ्याने काम होऊन जाते. ‘ऑफलाइन’ या शब्दाचा अर्थ इतकाच, की संगणकाने ज्या ठिकाणी हाक मारली तेथून त्याला अपेक्षित उत्तर आले नाही. हाक कोठे अडली, हे टप्प्याटप्प्याने पाहावे लागते.

पहिली तपासणी संगणकाला हात न लावता करता येते. बहुतेक प्रिंटर स्वतःच्याच बटणांवरून किंवा पडद्यावरून आपल्या जोडणीचा अहवाल छापून देतात. त्या कागदावर जाळ्याचे (नेटवर्कचे) नाव, सिग्नलची ताकद आणि आयपी पत्ता, म्हणजे ठिपक्यांनी विभागलेले चार आकडे, असतात. पत्त्याच्या जागी चार शून्ये असतील, तर प्रिंटर राउटरशी जोडलेलाच नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून काही न मिळाल्यामुळे प्रिंटरने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर प्रिंटर कोणत्या तरी राउटरच्या घरात सुखरूप पोचलेला आहे. ‘कोणत्या तरी’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

पत्ता मिळालाच नसेल, तर दोष हवेतल्या टप्प्यात शोधावा. घरगुती वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी यांतला पहिला पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आजच्याइतकी मोकळीक २०१८ मध्ये मिळाली. स्वस्त आणि जुने प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्झ जाणतात. लॅपटॉप एका पट्ट्यावर आणि प्रिंटर दुसऱ्यावर असला की छपाई होत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे, कारण दोन्ही पट्टे राउटरच्या आत एकमेकांना जोडलेले असतात. राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर ठेवली असेल, तर जुना प्रिंटर दारातच अडतो.

जागेचाही प्रश्न असतो. राउटरमधून साधारण ०.१ वॉट शक्तीच्या लहरी निघतात, आणि भिंती ओलांडून प्रिंटरपर्यंत पोचताना त्यांतली एका वॉटच्या एक हजार कोटीव्या भागाइतकी शक्ती उरली तरी काम चालते. अहवालात हीच ताकद, डीबीएम या एककात, उणे ७० अशी लिहिलेली असते. आकडा उणे ८० च्या पलीकडे गेला, म्हणजे ताकद आणखी घटली, तर जोडणी तुटक होते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. सरळ आलेली लहर आणि लोखंडी कपाटावरून परावर्तित झालेली लहर एखाद्या ठिकाणी परस्परांना जवळजवळ खोडून टाकतात, तर तेथून तीन-चार सेंटिमीटरवर त्या एकमेकींना बळ देऊ शकतात. त्यामुळे प्रिंटर थोडा सरकवल्यावर चालू लागला, हा अनुभव हास्यास्पद वाटला तरी त्यामागे भौतिकशास्त्र आहे.

आमच्या प्रिंटरचा अहवाल निर्दोष होता. त्यावर १९२.१६८.१.८ असा पत्ता होता. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये, प्रिंटरच्या ‘पोर्ट’ या रकान्यात, म्हणजे आज्ञा कोणत्या पत्त्यावर पाठवायची त्या नोंदीत, शेवटचा आकडा ५ होता. येथेच उत्तर दिसायला हवे होते, पण मी आधी लॅपटॉपवरून ५ या पत्त्याला ‘पिंग’ करून पाहिले. पिंग म्हणजे त्या पत्त्यावर एक छोटा संदेश पाठवून ‘कोणी आहे का’ असे विचारणे. चारही वेळा उत्तर आले. मग पत्ता बरोबरच असणार, असे गृहीत धरून मी पुढची वीस मिनिटे भलतीकडे शोधत बसलो. अखेरीस राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली, तेव्हा ५ या पत्त्यावर दिवाणखान्यातला टीव्ही राहायला आलेला दिसला. लॅपटॉप टीव्हीचे दार ठोठावून अर्ज छापायला सांगत होता.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. राउटर प्रत्येक उपकरणाला पत्ता कायमचा देत नाही, तर ठरावीक मुदतीच्या भाड्याने देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. एरवी मुदत संपण्याआधीच उपकरण नूतनीकरण मागते आणि जुनाच पत्ता टिकतो. परंतु अनेक घरगुती राउटर भाडेकरूंची ही यादी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतात, आणि वीज गेली की ती पुसली जाते. वीज आल्यावर सगळी उपकरणे एकदम दाराशी येतात; त्यांतल्या ज्याला जुना पत्ता आठवत नाही त्याला रिकामा असेल तो पत्ता मिळतो. टीव्ही लवकर जागा झाला. प्रिंटर सुरू झाल्यावर आधी शाईची डोकी साफ करत बसतो, म्हणून मागे पडला. पिंगला उत्तर देणे टीव्हीलाही जमते, पण छपाईचा मजकूर ज्यावर जातो ते ९१०० किंवा ६३१ क्रमांकाचे पोर्ट (येथे या शब्दाचा अर्थ उपकरणात संदेश आत घेण्याचे दार) त्याच्याकडे उघडे नसते.

यावर पक्का इलाज राउटरमध्ये आहे. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातूनच सहा जोड्यांचा एक मॅक क्रमांक मिळालेला असतो आणि तो जोडणीच्या अहवालावरही छापलेला असतो. ‘हा क्रमांक आला की त्याला हाच पत्ता द्यायचा’ अशी नोंद राउटरमध्ये करून ठेवता येते. प्रिंटरमध्येच पत्ता पक्का बसवण्यापेक्षा मला ही रीत बरी वाटते, कारण प्रिंटरने परस्पर धरून ठेवलेला पत्ता राउटर नकळत दुसऱ्याला देऊ शकतो, आणि मग एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे होतात.

पत्ता न वापरता संगणकाने प्रिंटर आपोआप शोधावा, अशीही सोय असते. त्यासाठी ‘येथे प्रिंटर कोण आहे’ अशी दवंडी जाळ्यात पिटली जाते. एकाने एकाला पाठवलेला वाय-फाय संदेश पोचल्याची पावती मिळते आणि ती न मिळाल्यास तो पुन्हा पाठवला जातो; सर्वांसाठी राउटरने हवेत सोडलेल्या दवंडीला मात्र अशी पावती नसते. त्यामुळे ती हरवली तर हरवली. प्रिंटरची यादी एकदा रिकामी आली आणि मिनिटभराने भरली, तर त्याचे कारण बहुधा हेच असते. विंडोजमध्ये घरचे जाळे ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदले गेले असेल, लॅपटॉपवर कार्यालयाचे व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणारी खासगी वाट, चालू असेल किंवा प्रिंटर पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर असेल, तरीही हा शोध निष्फळ ठरतो. पाहुण्यांचे जाळे तर उपकरणांना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठीच असते.

आता ‘कोणत्या तरी राउटरच्या’ गोष्टीकडे. आपल्याकडे फायबरची जोडणी देणारी कंपनी एक डबा बसवून जाते, ज्यात स्वतःचे वाय-फाय असते, आणि लांबच्या खोलीत ते पोचत नाही म्हणून आपण दुसरा राउटर त्याला जोडतो. बाहेरचा, म्हणजे कंपनीचा, डबा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतो आणि आतला समजा १९२.१६८.० ने. प्रिंटर बाहेरच्यावर आणि लॅपटॉप आतल्यावर असेल, तर दवंडी पोचत नाही, पण पत्ता नेमका दिल्यास छपाई होते. उलट मांडणीत, म्हणजे प्रिंटर आत आणि लॅपटॉप बाहेर असताना, आतला राउटर बाहेरची हाक आत येऊच देत नाही. आतल्या राउटरला नुसते ‘ॲक्सेस पॉइंट’ केले, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवायला लावले, की दोन्ही जाळी एक होतात.

पत्ता बरोबर, पिंग बरोबर, तरीही ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर विंडोजमधल्या पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी’ची खूण पाहावी. ती असेल तर संगणक प्रिंटरची खुशाली वेगळ्या वाटेने विचारतो, आणि त्या वाटेवर उत्तर न आल्यास छपाईचा मार्ग मोकळा असूनही प्रिंटर बंद धरतो. खूण काढली की भागते.

आमच्याकडे इतके करावे लागले नाही. राउटरमध्ये ८ हा पत्ता प्रिंटरच्या नावे नोंदवला आणि लॅपटॉपवरच्या पोर्टमध्ये ५ च्या जागी ८ लिहिला. छपाईच्या आज्ञा संगणक स्पूलर नावाच्या रांगेत जपून ठेवतो, आणि ही रांग आपण रद्द करेपर्यंत टिकते, हे त्या गडबडीत कोणाच्याच लक्षात आले नव्हते. प्रिंटर खडखडला आणि चारही जणांचे अर्ज ओळीने बाहेर आले. त्यांतली दोन पाने कामी आली. उरलेल्या सहा पाठकोऱ्या पानांवर अजून वाणसामानाच्या याद्या लिहिल्या जात आहेत.