श्वेतद्रव्य प्रतिमांकन (बोधनऱ्हासाचा अंदाज)

मेंदूच्या एमआरआय चित्रांतील श्वेतद्रव्य पाहून स्मरण, लक्ष, निर्णय यांसारख्या बोधनशक्ती पुढे किती घटतील याचा अंदाज बांधण्याची पद्धत. ठाणे-नवी मुंबईतील घरांत ती रिपोर्टातल्या ‘फॅझेकास ग्रेड 2’, ‘स्मॉल व्हेसल डिसीज’ (बारीक रक्तवाहिन्यांचा विकार) किंवा नुसत्या ‘वयोमानानुसार बदल’ अशा ओळींतून पोहोचते.

श्वेतद्रव्य म्हणजे मायलिन या स्निग्ध पदार्थाचे वेष्टन असलेल्या चेतातंतूंचे जाळे. डेन्मार्कमधील 2003 च्या मोजणीनुसार पुरुषांत या तंतूंची एकूण लांबी विशीत सुमारे 1,76,000 किमी, तर ऐंशीत सुमारे 97,000 किमी भरते. झीज सर्वांचीच होते; ती कुठे आणि किती वेगाने होते, हे चित्रांत शोधायचे असते.

श्वेतद्रव्याच्या विकाराच्या प्रथम वर्णनाचा मान वादग्रस्त आहे. ऑटो बिन्स्वांगर यांनी 1894 मध्ये श्वेतद्रव्य खंगलेल्या रुग्णांचे वर्णन केले, मात्र सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा दिला नाही. आलॉइस आल्झायमर यांनी 1902 च्या सुमारास ऊतींचे तपशील देऊन बिन्स्वांगर यांचे नाव या विकाराला जोडले. त्या काळी उपदंशजन्य (सिफिलिसमुळे होणारे) मेंदूविकार सर्रास आढळत. त्यामुळे मूळ रुग्ण नेमके कशाचे होते, ही पुढील अभ्यासकांनी घेतलेली शंका अगदी निराधार वाटत नाही. पुढे सीटी स्कॅनवर श्वेतद्रव्यात काळपट पट्टे वारंवार दिसू लागले, तेव्हा हाचिन्स्की, पॉटर व मर्स्की यांनी 1987 मध्ये ‘ल्युकोअरायओसिस’ (ग्रीक: पांढऱ्या भागाचा विरळपणा) हा शब्द सुचवला. कारणाबद्दल काहीही न बोलणारा शब्द त्यांनी जाणूनबुजून निवडला. त्याच वर्षी फॅझेकास यांची 0 (डाग नाहीत) ते 3 (सर्वाधिक) अशी श्रेणीपद्धती आली; रोजच्या कामात आजही तीच चालते. सीटीवर काळे दिसणारे हेच भाग एमआरआयच्या फ्लेअर या चित्रप्रकारात पांढरेशुभ्र उमटतात, म्हणून नातेवाइकांचा गोंधळ होतो.

हे डाग कशाने पडतात यावर एकमत नाही. खोलवर जाणाऱ्या बारीक धमन्यांना पर्यायी वाट नसते, त्या जाड झाल्या की रक्तपुरवठा आटतो, हे जुने मत. रक्त-मेंदू अटकाव (रक्तातले नको ते पदार्थ मेंदूत जाऊ न देणारा पडदा) झिरपू लागणे हे नंतरचे मत. मेंदूच्या मागच्या बाजूच्या डागांचा संबंध काही अभ्यासक आल्झायमर विकारातील तंतुनाशाशी जोडतात. उतारवयात ही कारणे बहुधा एकत्र नांदतात.

अंदाजाच्या बाजूने पुरावा भक्कम आहे. 2010 मधील एका एकत्रित विश्लेषणात डाग अधिक असलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट, तर पक्षाघाताचा तिपटीहून अधिक आढळला. युरोपातील 11 केंद्रांच्या लॅडिस अभ्यासात (639 व्यक्ती) तीव्र बदल असलेल्यांत परावलंबित्वाचे प्रमाण सौम्य बदलांच्या दुपटीवर होते. हे सर्व आकडे समूहाचे आहेत. एकट्या माणसाला ‘ग्रेड 3 म्हणजे वेड लागणार’ असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. 1994 मध्ये मांडलेले डिफ्यूजन टेन्सर तंत्र पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते आणि डाग उमटण्याआधीची झीज टिपते. ते अजून मुख्यतः संशोधनातच वापरले जाते.

या विकारात आधी मंदावतो तो वेग. विसरणे पुष्कळदा मागाहून येते. ठाणे स्थानकात ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा झाली की ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला निघालेले आजोबा जागीच थबकतात. गाडी कुठली आणि जायचे कुठे, हे त्यांना पक्के ठाऊक असते. ‘आता वय झालं’ म्हणून घरचे हे सोडून देतात, ते चुकीचे आहे.

चित्रासोबत बोधनचाचणी लागतेच, आणि तिथे जपून राहावे लागते. साताऱ्याकडच्या गावाहून कोपरखैरण्याला मुलाकडे आलेल्या आजींना ‘आत्ता आपण कुठे आहोत?’ असे विचारले, तर त्या ‘थोरल्याकडं’ म्हणतात. सेक्टरचा नंबर त्यांना कुणी कधी सांगितलेलाच नसतो. कागदावर त्यांचा गुण जातो, बुद्धीचे मात्र काहीच बिघडलेले नसते. चाचणीत घड्याळ काढायला सांगतात; शाळा न पाहिलेल्या माणसाच्या त्या चित्राचेही तेच.

उपायांत रक्तदाबाचा क्रम पहिला. अमेरिकेतील स्प्रिंट माइंड चाचणीत (2019) वरचा दाब 120 च्या खाली ठेवलेल्यांत सुमारे चार वर्षांत डागांचे आकारमान 0.92 घनसेंमी वाढले. 140 च्या खाली ठेवलेल्यांत ते 1.45 घनसेंमी वाढले. सौम्य बोधनदोषही पहिल्या गटात कमी आढळला. स्मृतिभ्रंशातील फरक मात्र निर्णायक ठरला नाही. याखेरीज मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि तंबाखू सोडणे.

एका चित्रापेक्षा काही वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन चित्रे अधिक सांगतात. तुलना शक्यतो त्याच क्षमतेच्या यंत्रावर व्हावी, 1.5 टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्रानंतर 3 टेस्लावर काढलेल्या चित्रात डाग वाढल्याचा भास होऊ शकतो. रिपोर्टाचा कागद फाइलीत जपला जातो, पण जुनी सीडी घर बदलताना हरवते. रेडिओलॉजिस्टला तुलनेसाठी नेमकी तीच हवी असते.