कोडेक्स अमियाटिनस

लॅटिन भाषेतील संपूर्ण बायबलची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी अखंड हस्तलिखित प्रत. ती इंग्लंडच्या ईशान्येकडील नॉर्थंब्रिया राज्यात, वेअरमथ-जॅरो या जोडमठात, इ. स. ७१६ पूर्वी तयार झाली. सध्या ती इटलीतील फ्लॉरेन्स येथील लॉरेंशियन ग्रंथालयात आहे. तिचे नाव मात्र या दोन्ही ठिकाणांवरून पडलेले नाही. तस्कनीतील अमियाता पर्वतावरच्या सान साल्व्हातोरे मठात ती शतकानुशतके होती, म्हणून ‘अमियाटिनस’. सेंट जेरोमने चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात सिद्ध केलेल्या व्हल्गेट या लॅटिन भाषांतराचा मूळ पाठ ठरवताना अभ्यासक सर्वांत आधी ज्या प्रतींकडे वळतात, त्यांत ही अग्रस्थानी आहे. ‘संपूर्ण’ म्हटली तरी बायबलमधला बारूखचा ग्रंथ तेवढा तीत नाही.

वेअरमथचा मठ बेनेडिक्ट बिस्कप याने ६७४ मध्ये स्थापन केला. काही वर्षांनी टाइन नदीकाठी जॅरोचा मठ उभा राहिला. तेथील चर्चच्या अर्पणाचा २३ एप्रिल ६८५ या तारखेचा शिलालेख त्याच चर्चच्या भिंतीत आजही वाचता येतो. बिस्कपने रोमच्या अनेक वाऱ्या केल्या आणि दरवेळी ग्रंथ, चित्रे, पवित्र अवशेष असा ऐवज बरोबर आणला. युरोपच्या अगदी टोकाला, जेथे दोन-तीन पिढ्यांपूर्वी लॅटिनचा गंधही नव्हता, तेथे एक समृद्ध ग्रंथसंग्रह असा वाऱ्यांतून जमला. बिस्कपनंतरचा मठाधिपती चेओलफ्रिथ याने हा संग्रह जवळजवळ दुप्पट केला, असे याच मठात वाढलेला इतिहासकार बीड सांगतो. रोमहून आणलेल्या जुन्या भाषांतराच्या एका बायबलच्या जोडीला नव्या, म्हणजे जेरोमच्या भाषांतराची तीन बायबले चेओलफ्रिथने करवून घेतली, हीही माहिती बीडचीच. त्या काळी बायबल सहसा सुट्या खंडांत असे: स्तोत्रसंहिता वेगळी, येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने वेगळी. संपूर्ण बायबल एकाच बांधणीत असले, तर त्याला ‘पँडेक्ट’ म्हणत, आणि असा पँडेक्ट ही दुर्मीळ चीज होती. चेओलफ्रिथने एकदम तीन करवले. त्यांतले दोन, दोन मठांच्या चर्चमध्ये एकेक, ज्याला लागेल त्याला पाहता यावेत म्हणून ठेवले. तिसरा आजचा अमियाटिनस.

या ग्रंथाचा आकार शब्दांत सांगून नीटसा कळत नाही. पानाची उंची सुमारे ५० सेंमी., रुंदी ३४ सेंमी., पाने एक हजाराहून अधिक आणि वजन सुमारे ३४ किलो. म्हणजे तांदळाच्या पंचवीस किलोच्या कट्ट्याहून जड. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ रूपर्ट ब्रूस-मिटफर्ड याने प्रवासाच्या पेटीसह त्याचे वजन ग्रेट डेन जातीच्या पूर्ण वाढलेल्या कुत्रीएवढे भरेल, असे म्हटले होते. पाने वासरांच्या कातड्याची. एका कातड्यातून एक जोडपान निघते असे धरले, तर या एका प्रतीला पाचशेच्या वर वासरे लागली आणि तिन्हींना मिळून दीड हजाराच्या वर. कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, केस काढायचे, चौकटीवर ताणून चंद्रकोरी पात्याने खरवडायचे, मग आखणी आणि लेखन. हे सर्व नॉर्थ समुद्रावरून येणाऱ्या थंड, दमट वाऱ्यात. आपल्याकडची पोथी सुट्या पानांची, कापडात बांधून एका हाताने उचलण्याजोगी असते. हा ग्रंथ हलवायला दोन माणसे हवीत.

लिहिणारे किमान सात जण होते. अक्षर अन्शियल वळणाचे, म्हणजे गोलसर, टपोरे आणि प्रत्येक सुटे. पानावर दोन स्तंभ, आणि मजकूर अर्थाच्या तुकड्यांनुसार ओळी तोडून लिहिलेला: जेथे वाचणाऱ्याने श्वास घ्यायचा, तेथे ओळ संपते. विरामचिन्हे फारशी नसूनही मोठ्याने वाचणारा अडखळत नाही. कातडे वाचवायचा विचार येथे कोणी केलेला दिसत नाही. ओळीच्या उजवीकडे कोरी जागा ऐसपैस सोडलेली आहे, आणि ती जागा म्हणजेही वासराचे कातडेच.

सुरुवातीच्या पानांतील एज्राचे चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. यहुदी लोकांचे धर्मग्रंथ शत्रूने जाळल्यावर एज्राने ते पुन्हा लिहून काढले, अशा अर्थाचे दोन चरण चित्राच्या वर आहेत. खाली एज्रा बाकावर वाकून मांडीवरच्या ग्रंथात लिहीत बसला आहे. अंगावर यहुदी महायाजकाचा उरपट. मागे दारे उघडी टाकलेले कपाट, त्यात आडवे ठेवलेले नऊ ग्रंथ. जमिनीवर लेखनाची साधने आणि आणखी एक ग्रंथ पडलेला. हे नऊ ग्रंथ पाहून अभ्यासकांना इटलीतील कॅसिओडोरस आठवतो. सहाव्या शतकात व्हिव्हेरियम येथे मठ स्थापन करणाऱ्या या विद्वानाने बायबल नऊ खंडांत लिहवून घेतले होते, आणि एका मोठ्या पँडेक्टमध्ये मोशेच्या निवासमंडपाचे, म्हणजे उपासनेच्या तंबूचे, आणि जेरुसलेमच्या मंदिराचे चित्र काढवले होते. ती चित्रे आपण पाहिली असे बीडने लिहून ठेवले आहे. अमियाटिनसमध्येही निवासमंडपाचा आराखडा दोन पानांवर पसरलेला आहे. म्हणजे पाठ जेरोमचा, पण सजावटीचा नमुना कॅसिओडोरसकडचा. एज्राची ही बसण्याची ढब पुढे नॉर्थंब्रियातच तयार झालेल्या ‘लिंडिसफार्न शुभवर्तमान’ या सचित्र हस्तलिखितातील मत्तयाच्या चित्रातही जवळजवळ जशीच्या तशी दिसते. अमियाटिनसचा चित्रकार माणसाला घनता देतो, सावली देतो. लिंडिसफार्नचा चित्रकार तीच आकृती सपाट रंगांत आणि ठाम रेषांत उतरवतो. नमुना एक, हात दोन आणि डोळे अगदीच वेगळे.

४ जून ७१६ रोजी चेओलफ्रिथ मठ सोडून रोमला निघाला. वय ७४. मठाधिपतीने अचानक असे उठून जाणे सहकाऱ्यांना चटका लावून गेले. शमुवेलाच्या ग्रंथावरील आपल्या भाष्याचे काम त्या धक्क्याने थांबले, असे बीड स्वतः सांगतो. बरोबर घेतलेल्या भेटींत तिसरा पँडेक्ट होता, येशूचा शिष्य सेंट पीटर याच्या रोममधल्या समाधिस्थानासाठी. चेओलफ्रिथ रोमला पोहोचला नाही. २५ सप्टेंबरला आजच्या फ्रान्समधील लाँग्र येथे तो मरण पावला. काही सोबती परतले, काही पुढे गेले. पोप दुसरा ग्रेगरी याचे उत्तरादाखल आलेले पत्र चेओलफ्रिथच्या एका जुन्या, निनावी चरित्रात उतरवलेले आहे.

यानंतर ग्रंथ आपली ओळखच गमावून बसला. सुरुवातीला सहा ओळींचे समर्पणाचे लॅटिन पद्य आहे. त्यात दाता म्हणून नाव होते ते ‘लँगोबार्डांच्या (इटलीत राज्य करणाऱ्या जर्मानिक लोकांच्या) दूरच्या सीमेवरून आलेला मठाधिपती पीटर’ याचे, आणि भेट दिली होती सान साल्व्हातोरेच्या मठाला. शिवाय लेवीय या ग्रंथाच्या आरंभी ‘स्वामी सर्व्हांडसने केले’ अशा अर्थाची ओळ ग्रीक अक्षरांत आहे, आणि सर्व्हांडस नावाचा एक मठाधिपती सहाव्या शतकात इटलीत होऊन गेला. दोन्ही धागे इटलीकडेच जातात. त्यामुळे ग्रंथ इटलीतला, सहाव्या शतकातला, असे भलेभले अभ्यासक मानत. १८५० मध्ये या प्रतीवरून नव्या कराराची आवृत्ती काढणारा कोन्स्टान्टिन टिशेनडॉर्फ हाही त्यांतलाच.

गाठ सुटली ती वृत्तामुळे. अठराव्या शतकात लॉरेंशियन ग्रंथालयाचा ग्रंथपाल आंजेलो मारिया बांदिनी याच्या लक्षात आले, की समर्पणातील काही शब्द आधीचे खरवडून त्यावर लिहिलेले आहेत. ते शब्द जसेच्या तसे वाचले तर पद्याचे मापही बिघडते. ओवी-अभंग कानावर पडत वाढलेल्या माणसाला चरणात अक्षर जास्त झाले की चटकन खटकते, तसेच हे. शिवाय दुसऱ्या ओळीत ‘चर्चचे मस्तक’ असे शब्द आहेत. ते एखाद्या डोंगरातल्या मठाला शोभत नाहीत, सेंट पीटरला शोभतात. १८८६ च्या सुमारास रोमन पुरातत्त्वज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी याने बीडच्या वृत्तान्ताशी मेळ घालून तर्क मांडला, की पीटरच्या जागी मूळचे नाव ‘चेओलफ्रिदुस’ असले पाहिजे, आणि पुढचा शब्द ‘ब्रिटनांचा’. नाव बरोबर निघाले, पुढचा शब्द चुकला. १८८७ मध्ये केंब्रिजचा बायबल-अभ्यासक फेंटन हॉर्ट याने दाखवून दिले, की वर उल्लेखलेल्या निनावी चरित्रात हेच पद्य संपूर्ण दिलेले आहे आणि तेथे स्पष्ट लिहिले आहे: ‘चेओलफ्रिदुस आंग्लोरुम’, इंग्लिशांच्या दूरच्या सीमेवरून आलेला मठाधिपती चेओलफ्रिथ. पीटरने आपले नाव घालण्यासाठी दात्याचे नाव खरवडले होते. देणगीच्या पाटीवर आपले नाव चढवण्याची हौस जुनी आहे. पण त्याने हे पद्य एकाच ठिकाणी बदलले. दुसरी नक्कल इंग्लंडमध्ये होती, हे त्याच्या गावीही नव्हते. सर्व्हांडसची ओळ जुन्या नमुन्यावरून तशीच उतरवली गेली असावी, असे आता मानतात.

उरलेल्या दोन पँडेक्टांची कथा रद्दीची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डरॅमचे पाद्री आणि पुराणवस्तुसंग्राहक विल्यम ग्रीनवेल यांना न्यूकॅसलमधल्या एका दुकानात त्याच घाटाचे एक पान मिळाले. पुढे नॉटिंगहॅमजवळच्या वोलटन हॉलमधील विलबी घराण्याच्या जुन्या दप्तरात आणखी पाने सापडली. सोळाव्या शतकात जमिनीच्या कागदपत्रांना वेष्टण म्हणून ती वापरली होती. १९८२ मध्ये डॉर्सेटमधील किंग्स्टन लेसी या वाड्यात एक पान मिळाले. चामडे चिवट, म्हणून वेष्टणाला उत्तम. ज्या गुणामुळे ग्रंथ फाडला गेला, त्याच गुणामुळे ही पाने वाचली. ती आता ब्रिटिश लायब्ररीत एकत्र आहेत.

पाठाचा अभ्यास या शोधांच्याही आधीपासून चालू होता. पोप पाचवा सिक्स्टस याने अधिकृत व्हल्गेट छापायचे ठरवले, तेव्हा १५८७ मध्ये हा ग्रंथ अमियाताहून रोमला नेऊन १५९० मध्ये परत केला. व्हल्गेटच्या चिकित्सक आवृत्त्यांत या प्रतीला ‘ए’ हे चिन्ह मिळाले आहे. अनेक प्रती समोर ठेवून पाठभेद तळटिपांत नोंदवायचे ही पद्धत मराठी वाचकाला भांडारकर संस्थेच्या महाभारतामुळे परिचित आहे. येथेही एकच प्रत सर्वत्र प्रमाण नसते: अमियाटिनसचा पाठ ग्रंथागणिक कमी-अधिक विश्वसनीय आहे, आणि स्तोत्रसंहितेत तो बराच डावा ठरतो.

अलीकडे चर्मपत्र आणि रंग यांचाही अभ्यास होतो, तोही ग्रंथाला ओरखडा न काढता. लिंडिसफार्न शुभवर्तमानातील निळा रंग अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा, असे पूर्वी सांगत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रामन वर्णपटाच्या, म्हणजे लेसर प्रकाश पाडून पदार्थ ओळखण्याच्या, चाचण्यांत तो वनस्पतिजन्य नीळ निघाला. यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी तर त्याहून साधी युक्ती काढली: पान साध्या खोडरबराने हलके पुसायचे आणि रबराच्या भुग्यात आलेल्या प्रथिनांवरून कातडे वासराचे, मेंढीचे की शेळीचे हे ओळखायचे. एरवीही पान स्वच्छ करताना हा भुगा पडतच होता, तो झाडून टाकत.

लोकांपुढे असे ग्रंथ मांडणे हे वेगळेच अवघड काम. चर्मपत्र हवेतल्या ओलाव्याने आखडते, फुगते; रंग उजेडाने उडतात. म्हणून दालनात उजेड मंद ठेवतात, साधारण ५० लक्स, आणि ग्रंथ पाळण्यासारख्या आधारावर अर्धवट उघडून ठेवतात. हजारभर पानांच्या ग्रंथातली दोनच पाने एका वेळी दिसतात. १९ ऑक्टोबर २०१८ ते १९ फेब्रुवारी २०१९ या काळात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अँग्लो-सॅक्सन राज्यांवरील प्रदर्शन भरले, तेव्हा अमियाटिनस तेराशे वर्षांनी प्रथमच इंग्लंडला आला. त्याच प्रदर्शनात सेंट कथबर्ट शुभवर्तमानही होते. ते योहानाचे शुभवर्तमान याच वेअरमथ-जॅरोत लिहिलेले, पण उंची अवघी १४ सेंमी., तळहातावर मावणारे. मूळ बांधणीसकट टिकलेला युरोपातला सर्वांत जुना ग्रंथ. ते ब्रिटिश लायब्ररीने २०१२ मध्ये ९० लाख पौंडांना, लोकवर्गणीही घेऊन, विकत घेतले.

कोठे ठेवायचे हा वाद मात्र मिटत नाही. ईशान्य इंग्लंडमधल्या लोकांचे म्हणणे असे, की हे ग्रंथ आमच्या भूमीतले, मग लंडनला कशाला? लिंडिसफार्न शुभवर्तमान अधूनमधून उत्तरेला नेतात, २०१३ मध्ये डरॅमला आणि २०२२ मध्ये न्यूकॅसलला, तेव्हा लोक लोटतात. अमियाटिनसच्या बाबतीत जॅरोकरांना तेवढेही म्हणता येत नाही. तो दान दिलेला आहे.

या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये त्याची संपूर्ण प्रतिकृती छापली गेली, आणि लॉरेंशियन ग्रंथालयाने पानापानाच्या प्रतिमा इंटरनेटवर खुल्या केल्या. चर्मपत्राचा स्पर्श, केसांची बाजू आणि मांसाची बाजू यांतला फरक पडद्यावर कळत नाही. पण प्रदर्शनात जे कधीच जमत नाही ते येथे जमते: एज्राचे चित्र सोडून पुढे-मागे जाता येते, समर्पणाचे पद्य काढता येते, आणि त्यातली तिसरी ओळ मोठी करून पीटरच्या नावाची अक्षरे शेजारच्या अक्षरांशी ताडून पाहता येतात.