चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं का लागतात?

बरोबरीचे सगळे पदवी घेऊन बाहेर पडलेले असतात आणि एखादी मुलगी राहिलेल्या दोन विषयांसाठी खालच्या वर्षाच्या मुलांबरोबर बसत असते. भेटेल तो एकच विचारतो, ‘अजून झालं नाही का तुझं?’ विचारणाऱ्याने उत्तर मनात ठरवून टाकलेलं असतं: अभ्यास केला नसणार.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने (ओईसीडी) २०१९ मध्ये दिलेले आकडे मात्र वेगळं सांगतात. ज्या देशांत प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रवेशापासूनचा प्रवास नोंदलेला आहे, तिथे पदवी अभ्यासक्रमाला बसलेल्यांपैकी सरासरी ३९ टक्केच ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले. आणखी तीन वर्षं मोजली तेव्हा हा आकडा ६७ टक्क्यांवर गेला. म्हणजे वेळेवर सुटणारेच कमी. दहातले सहा जण आळशी असतात हे मला पटत नाही. मग ही मुदत ठरवली कुणी आणि ती चुकल्याचं खापर विद्यार्थ्याच्याच डोक्यावर का फुटत आलं, हे समजून घ्यायला बरंच मागे जावं लागतं.

पॅरिस विद्यापीठाचे १२१५ चे नियम पोपचे प्रतिनिधी रॉबर्ट द कूरसाँ यांनी घालून दिले. कला शाखेत शिकवायचं असेल तर किमान सहा वर्षं व्याख्यानं ऐकलेली हवीत आणि वयाची विशी उलटलेली हवी. धर्मशास्त्रासाठी तर किमान आठ वर्षांचं अध्ययन आणि पस्तिशीची अट. यातला ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा. तेव्हाची मुदत घाई करणाऱ्याला अडवण्यासाठी होती. रेंगाळणाऱ्याची तिथे कुणी विचारपूस करत नव्हतं. मध्ययुगीन विद्यापीठांतले बहुसंख्य विद्यार्थी तर कोणतीच पदवी न घेता निघून जात. दोन-तीन वर्षं एखाद्या गुरूची व्याख्यानं ऐकली, लॅटिन पक्कं झालं, की चर्चमध्ये किंवा एखाद्या दरबारात कारकुनी मिळण्याइतकं ते पुरेसं असे. त्यांना अपयशी म्हणावं असं कुणाच्या मनातही येत नसे.

जर्मन परंपरेने ही मोकळीक आणखी वाढवली. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या पुढाकाराने १८१० मध्ये बर्लिनचं विद्यापीठ सुरू झालं आणि शिकण्याचं स्वातंत्र्य हे तिथलं तत्त्व मानलं गेलं. कोणत्या प्राध्यापकाकडे बसायचं, कधी विद्यापीठ बदलायचं, परीक्षेला कधी उभं राहायचं, हे विद्यार्थ्याने ठरवायचं. तयारी झाली की परीक्षा. उशीर या शब्दाला तिथे फारसा अर्थच उरत नव्हता.

शिक्षण तासांत मोजायला सुरुवात झाली ती अमेरिकेत, आणि तीही एका चांगल्या सुधारणेच्या पाठोपाठ. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढची चाळीस वर्षं त्या पदावर राहिले. सगळ्यांनी तेच ठरावीक विषय शिकायचे ही जुनी पद्धत मोडून त्यांनी विषय निवडण्याची मुभा दिली. पण प्रत्येकाचे विषय निराळे झाल्यावर प्रश्न आला की पदवी पुरी झाली हे ठरवायचं कशावरून? उत्तर निघालं, मोजणी. इतके विषय, दर विषयाला आठवड्याचे इतके तास.

या मोजणीवर शिक्कामोर्तब झालं ते पेन्शनच्या पैशामुळे, आणि हा भाग फारसा कुणाला ठाऊक नसतो. उद्योगपती अँड्रयू कार्नेगी यांनी १९०५ मध्ये कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी १ कोटी डॉलर दिले. पैसे द्यायचे तर कॉलेज कशाला म्हणायचं हे आधी ठरवणं भाग होतं. म्हणून कार्नेगी प्रतिष्ठानने अट घातली की प्रवेशासाठी विद्यार्थ्याने शाळेत ठरावीक ‘युनिट’ पुरे केलेले असावेत. एक युनिट म्हणजे वर्षभरात एका विषयाचे साधारण १२० तास. पेन्शन हवी असलेल्या कॉलेजांनी ते मुकाट्याने स्वीकारलं. पुढे १९१० मध्ये मॉरिस कुक या अभियंत्याने याच प्रतिष्ठानसाठी एक अहवाल तयार केला. कारखान्याची कार्यक्षमता मोजतात तशी कॉलेजची मोजावी, हा त्याचा विचार. आणि त्यासाठी त्याने सुचवलेलं माप होतं ‘विद्यार्थी-तास’. आजचं क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर पदवीच्या हिशोबात जमा होणारं एकक, याच कुळातलं. एखाद्याला किती समजलं हे मोजण्यासाठी ते कधी तयारच झालं नव्हतं. कोण किती वेळ वर्गात बसला, एवढंच ते सांगतं.

ही मोजणी प्रत्यक्षात कशी आडवी येते ते पाहू. अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. चार वर्षांची आठ सत्रं, म्हणजे दर सत्राला १५. पण सरकारी आर्थिक मदतीच्या नियमांत सत्राला १२ क्रेडिट घेणारा विद्यार्थी ‘पूर्णवेळ’ धरला जातो. त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर किंवा पोर्टलवर कुणी त्याला थांबवत नाही. मदत मिळते, ओळखपत्र मिळतं, सगळं रीतसर. तो दर सत्राला १२ घेतो, एकाही विषयात नापास होत नाही, आणि तरी हिशोब होतो दहा सत्रांचा. पाच वर्षं! त्याच्या हातून चूक झाली ती एवढीच की त्याने नियमांवर विश्वास ठेवला. अमेरिकेतल्या हवाई राज्याच्या विद्यापीठाने २०१२ मध्ये सत्राला पंधरा क्रेडिट घ्या, असं सांगणारी मोहीम काढली, तेव्हा कुठे ही साधी बेरीज विद्यार्थ्यांसमोर ठळकपणे मांडली गेली.

मुदत ठरली की ती न पाळणारेही मोजले जाऊ लागतात. अमेरिकी शिक्षण कार्यालयासाठी जॉन मॅकनीली यांनी १९३० च्या दशकात पंचवीस विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. कोण किती वर्षं टिकलं, कोण कधी गेलं, कशामुळे गेलं, हे त्यांनी बारकाईने तपासलं. त्या अहवालात अशा गळतीसाठी वापरलेला शब्द होता ‘मॉर्टॅलिटी’, म्हणजे मृत्यूमान. कॉलेज सोडणारा जणू मेलाच. कारणांत नापासी होतीच, आणि तिच्या बरोबरीने पैशांची अडचणही नोंदली होती. महामंदीचा तो काळ होता. तरीही पुढची तीसेक वर्षं संशोधकांचा कल विद्यार्थ्याचा स्वभाव, बुद्धी आणि चिकाटी तपासण्याकडेच राहिला.

दरम्यान वर्गात बसणारी माणसं बदलत होती. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळाला आणि संसार असलेली, वयाने मोठी माणसं लाखोंच्या संख्येने कॉलेजात आली. समाजशास्त्रज्ञ मार्टिन ट्रो यांनी १९७३ मध्ये या बदलाच्या पायऱ्या मांडल्या. त्या वयोगटातल्या १५ टक्क्यांपर्यंत मुलं उच्च शिक्षणात असतील तर ते मूठभरांचं, त्यापुढे ५० टक्क्यांपर्यंत जनसामान्यांचं आणि त्याहीपुढे सर्वांचं. विद्यार्थी या नव्या पायरीवर पोचले, वेळापत्रक मात्र जुन्याच पायरीवर राहिलं. घरचा खर्च कुणीतरी उचलतं आहे, वसतिगृहात खोली आहे, दिवसभर दुसरं काही काम नाही, अशा एका तरुणाला समोर ठेवून ते बनवलेलं होतं.

त्याच सुमारास पहिल्यांदा कॉलेजकडे बोट गेलं. विल्यम स्पेडी यांनी १९७० मध्ये आणि व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलं की विद्यार्थी टिकतो की जातो हे तो तिथल्या अभ्यासात आणि माणसांत किती मिसळतो यावर ठरतं. समाजाशी नाळ तुटलेल्या माणसाविषयी एमिल दुर्खीम यांनी केलेल्या मांडणीचा आधार त्यामागे होता. मला हे पाऊल मोठं वाटतं, पण अपुरंही. वर्ग सुटल्यावर ज्याला धावत कामावर पोचायचं आहे, त्याने मिसळायचं कधी? जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांनी १९८५ मध्ये नेमक्या याच विद्यार्थ्यांकडे लक्ष वेधलं. घरून ये-जा करणारे, अर्धवेळ शिकणारे, वयाने मोठे. नोकरीचे तास, घरच्या जबाबदाऱ्या आणि पैसा या बाहेरच्या गोष्टी त्यांचं शिक्षण अडवतात, असं त्यांनी दाखवलं.

अमेरिकेत कोणत्या कॉलेजातून किती जण पदवीधर होतात याचे आकडे सक्तीने जाहीर होऊ लागले ते १९९० च्या कायद्यानंतर. त्याचा उगमही अनपेक्षित ठिकाणी आहे. कॉलेजसाठी मैदान गाजवणाऱ्या खेळाडूंना शेवटी पदवी मिळते का, ही चिंता होती, आणि कायद्याच्या पुरस्कर्त्यांत सिनेटर बिल ब्रॅडली होते, जे स्वतः व्यावसायिक बास्केटबॉल खेळलेले. कायद्याने मोजणी धरली ती ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळाची, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला सहा वर्षं. तेव्हापासून सहा वर्षांचा आकडाच सगळीकडे फिरू लागला. उदाहरणार्थ, २०१४ मध्ये दाखल झालेल्यांपैकी ६४ टक्के विद्यार्थी सहा वर्षांत त्याच संस्थेतून पदवीधर झाले. शिवाय ही मोजणी फक्त पहिल्यांदाच आणि पूर्णवेळ दाखल झालेल्यांची. अर्धवेळ शिकणारे आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेले त्यात धरलेच जात नव्हते. ज्यांना सर्वाधिक वेळ लागतो तेच हिशोबाबाहेर! सरकारी आकडेवारीत त्यांचा वेगळा माग २०१५-१६ पासून ठेवला जाऊ लागला.

विद्यार्थीच कच्चे येत असतील, हा जुना समज अर्थतज्ज्ञांनी तपासून पाहिला. जॉन बाउंड, मायकेल लव्हनहाइम आणि सारा टर्नर यांनी १९७२ आणि १९९२ मध्ये शाळा संपवलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांची तुलना केली. शाळा संपल्यापासून आठ वर्षांच्या आत पदवी मिळवणाऱ्यांपैकी चार वर्षांत ती पुरी करणारे पहिल्या गटात सुमारे ५८ टक्के होते, दुसऱ्यात ४४. शालेय तयारीतल्या फरकाने ही घट उलगडली नाही. दोन गोष्टी पुढे आल्या. सर्वसामान्यांच्या सरकारी कॉलेजांत दर विद्यार्थ्यामागची साधनं आटली होती आणि विद्यार्थी जास्त तास नोकरी करू लागले होते. नामांकित, निवडक संस्थांत मुदत वाढली नव्हती.

साधनं आटणं म्हणजे काय, हे एका विषयाच्या साखळीतून दिसतं. समजा, पहिल्या सत्रात गणिताचा पहिला भाग राहिला. तो पास झाल्याशिवाय दुसरा भाग घेता येत नाही. दुसऱ्याशिवाय मुख्य शाखेचा पहिला विषय मिळत नाही. पैसे आणि शिक्षक पुरेसे असतील तर कॉलेज तो पहिला भाग पुढच्याच सत्रात पुन्हा शिकवतं, आणि नुकसान होतं एका सत्राचं. नसतील, तर तो वर्षातून एकदाच लागतो. मग वर्षभर थांबायचं. थांबून नाव नोंदवायला जावं तर जागा भरलेल्या, प्रतीक्षा यादीत नंबर. २००८ च्या मंदीनंतर कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांनी (दोन वर्षांच्या पदवीच्या स्थानिक सरकारी कॉलेजांनी) निधीअभावी वर्ग कमी केले तेव्हा लाखो विद्यार्थी अशा याद्यांत ताटकळले. जागा मिळालीच, तर तास नेमका कामाच्या वेळेत. एका विषयाच्या नापासीतून दीड-दोन वर्षं कशी जातात, ते त्या विद्यार्थ्यालाही नीट सांगता येत नाही. तो एवढंच म्हणतो, ‘विषय राहिला होता.’

कॉलेज बदलणाऱ्यांची गोष्ट याहून वाईट. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने २०१७ मध्ये २००४ ते २००९ या काळातल्या विद्यार्थ्यांचा हिशोब मांडला. कॉलेज बदलताना त्यांचे अंदाजे ४३ टक्के क्रेडिट वाया गेले होते. शिकलेलं, पास झालेलं, फी भरलेलं, आणि नव्या ठिकाणी ग्राह्य नाही. पदवीच्या अभ्यासाआधी सक्तीने घ्यायला लावलेले पायाभूत वर्गही असाच वेळ खात होते. त्यांचे क्रेडिट पदवीत मोजले जात नसत आणि कित्येकांचं शिक्षण तिथेच थांबे. कॅलिफोर्नियाने २०१७ च्या कायद्याने ही सक्ती बरीचशी सैल केली.

युरोपने निराळी वाट धरली. उच्च शिक्षणाची रचना सारखी करण्यासाठीच्या १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यावर २९ देशांनी सह्या केल्या आणि वर्षाला ६० क्रेडिट या युरोपच्या वेगळ्या मापावर बसलेली तीन-चार वर्षांची पहिली पदवी हळूहळू सगळीकडे रूढ झाली. हुम्बोल्टच्या देशातही प्रमाणित मुदत आली, आणि काही जर्मन राज्यांनी ती ओलांडणाऱ्यांकडून जादा फी घेतली. फिनलंडने २००५ मध्ये शिक्षणकाळाला कायद्याने मर्यादा घातली. नेदरलंड्सने तर रेंगाळणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षाला सुमारे ३,००० युरोंचा दंड ठरवला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २०१२ मध्ये तो लागू होतो न होतो तोच मागे घ्यावा लागला. ते बरंच झालं असं मी म्हणेन. पैशांसाठी नोकरी करावी लागते म्हणून ज्याचा अभ्यास लांबतो, त्याच्याकडून आणखी पैसे घेतले तर तो नोकरीचे तासच वाढवणार.

न्यूयॉर्कच्या सिटी विद्यापीठाने २००७ मध्ये उलट दिशेने प्रयोग केला. कम्युनिटी कॉलेजांतल्या कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना पूर्णवेळ शिकण्याची अट घातली आणि त्या बदल्यात आर्थिक मदतीतून न भागणारी फी माफ केली, पुस्तकांचा खर्च दिला, बस-मेट्रोचा पास दिला. सल्लागाराकडे मोजकेच विद्यार्थी, त्यामुळे तो प्रत्येकाला नावाने ओळखणारा. त्याच्याशी वरचेवर भेट सक्तीची. वर्गाच्या वेळा जुळवून दिल्या. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत दोन वर्षांची पदवी तीन वर्षांच्या आत मिळवणारे या योजनेत ४० टक्के निघाले, योजनेबाहेर २२. ओहायोतल्या तीन कॉलेजांनी हीच योजना उचलली, तिथे तेच आकडे ३५ आणि १९ आले. दोन्ही ठिकाणी नावं चिठ्ठीने निघाली होती. त्यामुळे योजनेत आलेले आणि बाहेर राहिलेले विद्यार्थी सुरुवातीला हुशारीत, तयारीत, चिकाटीत सारखेच होते.